मे महिन्यात ताडोबाला पहिल्यांदाच जातोय. वाघ दिसेलच का?

खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण महिना उत्तम निवडलात. उन्हाळ्यात झाडोरा विरळ होतो, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरतं आणि वाघ तिथेच येतो, तासन्‌तास पाण्यात बसूनही राहतो. म्हणून गाइडला ‘फिरत राहा’ म्हणू नका. पाणवठ्यावर थांबू द्या, इंजिन बंद ठेवा आणि ऐका. चितळ, वानर ओरडले तर सावध व्हायचं. सांबराने कॉल, म्हणजे धोक्याची हाक दिली तर वाघ किंवा बिबट्या जवळ आहे असं बहुतेक समजायचं. चितळ उगाचही ओरडतं, सांबर सहसा नाही. गाइड आसपासच्याच गावचे असतात, रस्त्यावरचा पगमार्क म्हणजे पंजाचा ठसा ताजा की रात्रीचा हे ते चटकन सांगतात. त्यांना मनापासून प्रश्न विचारा, फार शिकायला मिळतं.

बुकिंग ऑनलाइन, तेही आधीच करा. ओळखपत्र मूळ न्या, कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मंगळवारी सफारी बंद असते. तिथे मोबाइल न्यायला परवानगी नाही, कॅमेरा चालतो. मळकट रंगाचे सुती कपडे, टोपी, भरपूर पाणी. आणि कृपा करून ड्रायव्हरला गाडी वाघाच्या जवळ घ्यायला सांगू नका; वाघाची वाट अडते. रानकुत्री, गवे, अस्वल दिसले तर तिथेही थांबा.