बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’चा सुपर डिलक्स संच विकत घ्यावा का, की नुसता नवा रिमिक्स ऐकून भागेल?

रिमिक्ससाठी, म्हणजे जुन्याच टेपांवरून आवाजांचा मेळ नव्याने बसवलेल्या अल्बमसाठी, घेणार असाल तर नका घेऊ. तो फोनवर मिळतो आणि बऱ्यापैकी हेडफोन असले तर तिथेही झकास वाजतो.

खरं म्हणजे एवढं सांगून मी उठलोच असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही एक वाक्य जोडलंय, “बाकीचे टेक म्हणजे कलाकारांनीच टाकून दिलेला माल ना, तो ऐकून काय मिळतं?” हे वाचलं आणि थेट आमच्या दादाचा आवाज कानात आला. तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक गणपतीत मला हेच ऐकवतो. “पंगतीत वाढलंय ते जेवावं रे, आत जाऊन खरकटी पातेली कसली हुंगतोस?”

तर २०१८ साली आलेला तो संच. सहा सीडी, एक ब्लू-रे, एकूण १०७ ट्रॅक. त्यातले ३० म्हणजे मूळ अल्बमच, बीटल्सच्या निर्मात्याच्या मुलाने, जाइल्स मार्टिनने, नव्याने मिक्स केलेला. २७ ट्रॅक म्हणजे ईशरचे डेमो, गाण्यांचे कच्चे खर्डे. मे १९६८ मध्ये, हृषीकेशहून परतल्यावर, जॉर्ज हॅरिसनच्या ईशरच्या घरी बसून केलेले. उरलेले ५० स्टुडिओतले टेक, म्हणजे एकेका गाण्याचे रेकॉर्डिंगचे प्रयत्न. मी पाच आकडी रक्कम मोजली ती या पन्नासातल्या एका ट्रॅकसाठी, आणि तो मूळ अल्बमवर नव्हताच.

‘द इनर लाइट’चा सहावा टेक. गाणं नाही, नुसती वाद्यं. आणि ती लंडनला वाजलेली नाहीत, आपल्या फोर्टात वाजली आहेत. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्सची इमारत आहे, तिथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता. स्टुडिओत मशीन मोनो, सगळा आवाज एकाच ट्रॅकवर घेणारं. म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन रेल्वेत घालून आणलं. सिनेमाचं काम उरकता उरकता हेही रेकॉर्डिंग झालं. बासरी हरिप्रसादजींची. मग फेब्रुवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यावर गायन चढलं आणि मार्चमध्ये गाणं ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला बाहेर पडलं.

इथवरचं कुठेही वाचायला मिळेल. आता आमच्या घरातलं.

बाबा त्या वर्षी त्याच इमारतीत एका कचेरीत कारकून होते. टाच झिजू नये म्हणून बुटांना नाल ठोकून घ्यायचे. आम्ही पार्ल्याला राहायचो, आणि ते जिना चढायला लागले की तळमजल्यापासून खट्‌खट्‌ ऐकू यायची. त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. कचेरी साडेपाचला सुटे. सुटली की पाच मिनिटंही न दवडता जिन्यावरून खाली आणि तडक चर्चगेट.

हॅरिसनने पुढे सांगितलेलं आहे की तो स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता, बाहेरचा आवाज अडवायची काही सोय नव्हती. काही ट्रॅकवर नीट कान दिला तर टॅक्स्या ऐकू येतात. आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांनी रेकॉर्डिंग थांबवावं लागे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबा होते. मी पेपर वाचून दाखवावा तसं त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बाबा, तुम्ही बीटल्सचं रेकॉर्डिंग थांबवलंत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मग आम्ही काय गाडी सोडायची होती?” विषय संपला. वर गोरा कोण आलाय याची त्यांना तेव्हाही गंधवार्ता नव्हती आणि नंतरही फिकीर नव्हती.

संच आला तेव्हा ते नव्हते. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून तो टेक ऐकला. किती वेळा ऐकला ते सांगत नाही, कारण हे बायकोही वाचते. मी नालांचा आवाज शोधत होतो. अर्थातच सापडला नाही. पावलं वाजली की टेप बंद, तर टेपवर पावलं येतील कुठून! हे मला घ्यायच्या आधी सुचायला हवं होतं. दादाला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. “म्हणजे बाबांचा आवाज नसलेली पट्टी तू एवढे पैसे टाकून आणलीस?”

हसू दे. मला जे मिळालं ते वेगळंच होतं. मूळ गाण्यात हॅरिसन गायला लागला की आपला कान त्याच्या शब्दांमागे जातो, आणि खालची बासरी असते आणि नसते. इथे शब्दच नाहीत. ती बासरी किती सांभाळून, पुढे येणाऱ्या गळ्याला जागा ठेवून वाजली आहे हे तेव्हा कळतं. गायन महिनाभराने लंडनला होणार, आणि त्याची जागा मुंबईत मोकळी ठेवलेली. याला खरकटं म्हणायचं?

आणि म्हणणारा कोण? हाच दादा ऐंशीच्या दशकात खासगी मैफलींच्या कॅसेटींसाठी पार्ल्याहून डोंबिवलीला जायचा, कोरी टीडीके बरोबर घेऊन. तिसऱ्या कॉपीची कॉपी, अर्धा वेळ पंख्याची घरघर. त्यात बुवा खाकरले, तबलजीने हातोडीने दोनदा ठोकलं, की हा डोळे मिटून “वा!” ती मैफल बुवांनी पसंत करून छापली होती का रे? तिथे माजघरात डोकावलेलं चालतं, आणि इंग्रज पोरांचं आलं की लगेच पंगत आणि पातेली.

एका बाबतीत मात्र दादाचं खरं आहे, आणि हे मी त्याला तोंडावर कबूल केलेलं नाही. जुनं बाहेर काढणारे प्रत्येक वेळी जसंच्या तसं काढत नाहीत. ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचं ‘लाइव्ह ॲट लीड्स’ घ्या. १४ फेब्रुवारी १९७० चा लीड्स विद्यापीठातला कार्यक्रम. दुसऱ्या रात्री हल नावाच्या शहरात तसाच कार्यक्रम झाला, पण तिथे सुरुवातीच्या काही गाण्यांत त्यांच्या एंटविसलची बास गिटार टेपवर आलीच नाही. २०१० च्या संचात हलची रात्र दिली, आणि त्या गाण्यांना लीड्सचा बास आणून चिकटवला. ऐकायला मजा येते, पण ती त्या रात्रीची मैफल नव्हे. त्याच अल्बमच्या मूळ रेकॉर्डच्या लेबलवर हाताने लिहिलं होतं की खरखर आहे ती असू द्या, दुरुस्त करू नका. सीडीच्या काळात ती खरखर पुसून टाकली. असल्या साफसफाईचा मला राग येतो.

रिमिक्सचं म्हणाल तर माझं मत सरसकट नाही. बीटल्सचाच ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या, म्हणजे एका टेपवर चारच आवाज वेगवेगळे घेणाऱ्या, मशीनवर झाला. टेप भरली की सगळं मिळून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या ट्रॅकांवर पुढचं वाजवायचं. दर उतरवणीला आवाज थोडा मळतो. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन त्या आधीच्या टेपांपर्यंत मागे गेला, आणि फरक स्वच्छ कळतो. ‘शीज लीव्हिंग होम’ तर स्टीरिओत इतकी वर्षं संथ आणि खालच्या सुरात ऐकत होतो, ते मूळ मोनो रेकॉर्डच्या वेगाला आलं. त्यांच्याच ‘रिव्हॉल्व्हर’ला २०२२ मध्ये संगणकाने एकाच ट्रॅकवरचे ड्रम, बास आणि गिटार वेगळे केले. ते ऐकाच. ‘व्हाइट अल्बम’ मूळचाच खडबडीत, त्याला उजळून एवढं काही हाती लागलेलं नाही. हे माझं मत, भांडायला येऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाचं. ईशरचे डेमो हवेत तर तीन सीडींचा लहान संच बघा, त्यात मूळ अल्बमचा रिमिक्स आणि डेमो दोन्ही आहेत. त्यातलं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ चुकवू नका. त्याच चालीवर लेननने पुढे १९७१ मध्ये ‘जेलस गाय’ केलं. मोठा संच फक्त स्टुडिओच्या टेकांत कुतूहल असेल तरच. आणि हो, तो सहावा टेकसुद्धा फोनवर ऐकता येतो, संच आला त्या दिवसापासून. दादा अजून फोनवर गाणी ऐकत नाही म्हणून निभावतंय.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टमचा आकडा आधी विचारून घ्या, आणि खोकं दारातच, त्या माणसासमोर उघडा. माझा वरचा उजवा कोपरा चेपून आला होता. तक्रार केली तर कुरियरवाल्या बाईंनी विचारलं, “आतल्या सीड्या वाजतायत ना?” वाजतात म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवला.