वाचकांचे प्रश्न : बदल केलेला कोयता झाडोऱ्यात कसा तपासावा?

प्रश्न : माझ्याकडे 45 सेंमी पात्याचा लांब कोयता होता. त्याचं टोक 8 सेंमी कापून पातं आखूड केलं, प्लास्टिकची मूठ काढून लाकडी बसवली आणि धार दोन्ही बाजूंनी 20 अंशांची केली. घरामागच्या लाकडावर दोनचार घाव घालून बघितले, चांगला वाटला. रानात नेऊन त्याची नीट परीक्षा कशी घ्यावी?

उत्तर : दोनचार घावांत कुठलाही ताजी धार लावलेला कोयता चांगलाच वाटतो. खरी अडचण अशी की तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्या आहेत. उद्या कोयता छान चालला तर श्रेय धारेचं की मुठीचं, हे कळायचं नाही आणि वाईट चालला तर दुरुस्ती कशाची करायची तेही कळायचं नाही. म्हणून मूळच्यासारखाच, बदल न केलेला एक कोयता मिळवा, त्यालाही 20 अंशांचीच धार लावा आणि दोन्ही बरोबर न्या. एवढ्यानं धारेचा फरक बाजूला पडतो.

निघण्यापूर्वी दोन्हींचं वजन करा. साडेपाच सेंमी रुंद आणि अडीच मिमी जाड पात्याचा 8 सेंमी तुकडा म्हणजे सुमारे 85 ग्रॅम पोलाद. आकडा लहान वाटतो, पण हे वजन टोकाचं होतं आणि घावाला जोर तिथूनच मिळतो. पातं आडवं बोटावर तोलून धरा आणि तोलाची जागा मुठीपासून किती पुढे आहे ते मोजून लिहून ठेवा. मग मूठ सैल धरून पात्याच्या पाठीवर लाकडाच्या तुकड्यानं टोकापासून मुठीकडे ठोकत या. एका जागी ठोकल्यावर हाताला झिणझिण्या जवळजवळ येत नाहीत. तिथे मार्करनं खूण करा. जाड फांदीवरचे घाव त्या खुणेपाशी बसायला हवेत. पातं आखूड झाल्यावर ही जागा मुठीकडे सरकते. जुन्या सवयीनं टोकाकडून घाव घालत राहिलात तर मनगट दुखेल आणि दोष उगाच मुठीला जाईल.

रानात गेल्यावर पहिले दहा घाव हलके, मऊ लाकडावर आणि समोर किंवा बाजूला कुणी नसताना घाला. नवी मूठ सुटायची असेल तर बहुधा इथेच सुटते. दहा घावांनंतर रिव्हेटभोवती (मूठ पात्याला जखडणाऱ्या खिळ्यांभोवती) लाकडाला तडा गेलाय का, पातं आणि मूठ यांच्या सांध्यात फट दिसते का, हे बघा. फट दिसली तर चाचणी तिथेच थांबवा.

त्यानंतर मऊ ते कठीण असा क्रम ठेवा : आधी गवत, मग वेली, मग बोटाएवढी हिरवी झुडपं, मग 3 ते 5 सेंमी जाडीच्या हिरव्या फांद्या. वाळलेलं लाकूड सगळ्यात शेवटी, कारण ते धारेला सर्वांत जास्त खातं आणि त्यानंतर केलेल्या कुठल्याच तुलनेला अर्थ उरत नाही. प्रत्येक प्रकारात दहा खोडं एका कोयत्यानं आणि दहा दुसऱ्यानं तोडा. पुढच्या फेरीत क्रम उलटा करा, नाहीतर दमलेल्या हाताचा दोष नेहमी दुसऱ्या कोयत्याच्या माथी बसतो. एका खोडाला किती घाव लागले एवढंच लिहा. घाव खोडाला साधारण 45 अंशांत तिरका द्या. काटकोनात मारलं तर सगळे तंतू एकदम आडवे येतात आणि पातं अडकतं किंवा उसळतं.

गवताची फेरी टाळू नका. गवत घावाला विरोध करत नाही, नुसतं वाकतं. ते तुटतं पात्याच्या वेगानं आणि बारीक धारेनं. तेवढ्याच झोक्यात आखूड पात्याचं टोक लांब पात्याच्या टोकापेक्षा हळू फिरतं, त्यामुळे तुमच्या कोयत्याचा कमीपणा दिसलाच तर पहिल्यांदा इथे दिसेल. याउलट दाट झुडपांत, जिथे हात पूर्ण फिरवायला जागा नसते, तिथे तो सरस ठरायला हवा. दोन्हीकडे तो सारखाच वाटला तर मोजण्यात काहीतरी चुकतंय.

अर्ध्या तासानं थांबा. धार, रिव्हेट, मूठ आणि तळहात, चारही तपासा. पातं जमिनीला किंवा दगडाला लागलं असेल तर ती जागा लगेच टिपून ठेवा. मातीतल्या एका घावानं धारेचं जेवढं नुकसान होतं तेवढं पन्नास हिरव्या फांद्यांनीही होत नाही आणि नोंद नसली की दोष पोलादाच्या नावावर जातो.

प्रश्न : ग्राइंडरवर धार लावल्यापासून माझ्या कोयत्याची धार मधल्या तीन-चार इंचांत लगेच जाते, बाकी ठिकाणी टिकते. पोलादच हलकं आहे का?

उत्तर : पोलाद हलकं असतं तर धार सगळीकडे सारखी गेली असती. एकाच पट्ट्यात जाते म्हणजे तो पट्टा ग्राइंडरवर तापला आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

पण आधी धार *कशी* गेली ते बघा. बोथट झाली एवढं म्हणून भागत नाही. पातं दिव्याखाली धरून धारेच्या रेषेत नजर लावा. चांगली धार दिसत नाही, गेलेली धार चमकते. चमक दिसते तिथे बोटाचं पेर पाठीकडून धारेच्या दिशेनं अलगद ओढा, धारेच्या लांबीनं कधीच नाही. एका बाजूला कड अडकली तर धार दुमडली आहे, म्हणजे तिथलं पोलाद नरम आहे किंवा धार फार पातळ काढली आहे. बारीक दाते पडले असतील तर पोलाद कडक आणि ठिसूळ आहे. दोन्ही नसून कड नुसती गुळगुळीत गोल झाली असेल तर ती साधी झीज आहे, त्यात दोष कुणाचाच नाही.

तापल्याची खूण रंगात दिसते. पिवळसर रंग साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसला येतो, निळा 300 च्या आसपास आणि राखाडी त्याच्याही वर. पातं ज्या तापमानाला टेंपर केलेलं असतं, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं असतं, त्याच्यावर कड गेली की ती नरम होते. धारेची कड पातळ असल्यामुळे ती पात्याच्या बाकी भागाच्या कितीतरी आधी तापते. पॉलिश पेपरनं रंग पुसला जातो, नरमपणा आतच राहतो. म्हणूनच बरेच जण या दोषाला फसतात.

खात्रीसाठी 6 मिमी जाडीची पितळी सळई शिकंज्यात आडवी धरा. धार सळईवर 20 अंशांत टेकवून हलका दाब देत सरकवा. कड थोडी वाकून पुन्हा सरळ झाली तर ठीक. वाकून तशीच राहिली तर नरम, तुटली तर कडक. धार आपल्या अंगापासून दूर जाईल अशीच सरकवा आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

उपाय म्हणजे तो पट्टा कानशीनं 1 ते 2 मिमी मागे घ्यायचा. एकाच जागी खोलगट होऊ नये म्हणून सगळ्या धारेची रेषा मिळवून घ्या, मग धार नव्यानं काढा. कोयत्याचं पोलाद साधारणपणे कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर 45 ते 55 च्या दरम्यान ठेवलेलं असतं, त्यामुळे चांगल्या कानशीनं ते कापलं जायलाच हवं. कानस नुसती घसरत असेल तर पातं झाडोऱ्याच्या कामाला गरजेपेक्षा कडक आहे. ग्राइंडरच वापरायचा असेल तर हातमोजा न घालता पातं धरा आणि बोटाला चटका जाणवण्याआधीच पाण्यात बुडवा.

कोनाचं गणित सोपं आहे. पातं 6 सेंमी रुंद असेल तर दगडावर पाठ 2 सेंमी उचलली की 20 अंश होतात, अडीच सेंमी उचलली की 25. गवत आणि वेलींना 20 पुरे. लाकूड झालेल्या खोडांना 25 ठेवा. टोकाकडे 20 आणि मुठीकडे 25 अशी एकाच पात्यावर दुहेरी धार काढली तर उत्तमच. असा कोयता दिवसभर साथ देतो.

प्रश्न : पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते पाडावेत का? वजन कमी करायला भोकं पाडली तर?

उत्तर : दोन्ही नको. दात्यांच्या बुडाशी आणि भोकाच्या कडेला ताण एकवटतो, तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय पाठीवर दाते असले की तिथे तळहात टेकवून दाब देता येत नाही. पातं मुठीत शिरतं तिथला कोपराही काटकोनी ठेवू नका, निदान 3 मिमीची गोलाई द्या. कमानपाट्यापासून (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) घडवलेलं पातं असेल तर जास्तच काळजी घ्या. वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे जुने तडे असू शकतात.

प्रश्न : नवी लाकडी मूठ पावसाळी कामात फिरते आणि तळहाताला फोड येतात. दोरी गुंडाळू का?

उत्तर : दोरी ओलावा धरून ठेवते आणि खाली गंज चढतो, शिवाय मूठ गोल होते. गोल मूठ हातात फिरते. न बघताही धार कुठे आहे हे हाताला कळायला हवं, त्यासाठी मुठीचा छेद लंबगोल पाहिजे. मध्यम हाताला जाडी 25 ते 28 मिमी आणि उंची 32 ते 35 मिमी चालते, शेवटाला खाली वळलेली चोच हवी. बोटं मिटल्यावर त्यांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. खुपसून शिरली तर मूठ बारीक आहे.

अर्ध्या तासाच्या कामानंतर तळहात लाल झालेल्या जागा बघा, मुठीवर त्याच जागी पेन्सिलीनं खूण करा आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं अर्धा मिमी उतरवा. पुन्हा काम, पुन्हा खूण. एकदम जास्त काढू नका. शेवटचा हात 120 नंबरचा पुरे, काचेसारखी गुळगुळीत मूठ घामात सटकते. वर जवसाच्या तेलाचे दोनतीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

प्रश्न : कोयता सुटू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधावा का?

उत्तर : मनगटाभोवती सैल पट्टा बांधू नका. हातातून सुटलेलं पातं त्या पट्ट्यावर झुलून पायाकडे किंवा पोटाकडेच येतं. मूठ नीट झाली की पट्ट्याची गरज उरत नाही. दुसऱ्या हातात आकड्याची काठी ठेवा आणि खोड तिनंच ओढून धरा, बोटांनी नाही. ताणलेलं खोड सहज तुटतं, पण तुटताना झटका देऊन उसळतं, म्हणून तोंड त्याच्या रेषेत नको. जवळचा माणूस किमान 3 मीटर लांब असावा. तिरक्या घावानं उरलेला टोकदार बुडखा लगेच जमिनीलगत सपाट करा, तो पुढे बुटाच्या तळव्यातूनही आरपार जातो.

प्रश्न : पात्यावर चिकाचे काळे डाग बसतात. काय करावं?

उत्तर : काम संपताच रॉकेल किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं चीक पुसा, वाळल्यावर तो खरवडावा लागतो. पाठीकडून धारेकडे पुसा. मग कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवा. साध्या कार्बन पोलादावर राहिलेल्या एकसारख्या काळपट थराची काळजी नको, लालसर गंज मात्र त्याच दिवशी काढा. कातड्याच्या म्यानात कोयता कायमचा ठेवू नका, कातडं दमट झालं की पातं आतल्या आत गंजतं.