कोर्सवर्कमध्ये अडकले तर?

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी), मग एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), आणि आता पुण्यातल्या एका आरोग्य प्रकल्पात नोकरी. आरोग्य धोरण या विषयात अर्धवेळ पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्या चाळिशीतल्या या बाईंची काळजी आमच्याकडे नेहमी येणाऱ्यांपैकीच होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "गणित दहावीनंतर सुटलं. कोर्सवर्कमध्ये स्टॅटिस्टिक्स आहे. ५५ टक्के पडले नाहीत तर सगळंच संपलं ना? आणि पंचविशीतल्या मुलांसमोर सेमिनार द्यायचा, या विचारानेच पोटात गोळा येतो."

५५ टक्क्यांची अट खरी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीचे वर्ग आणि पेपर, किमान १२ आणि जास्तीत जास्त १६ क्रेडिटचं असतं, आणि त्यात किमान ५५ टक्के किंवा तेवढी श्रेणी मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही अट प्रत्येक पेपरला लागते की एकूण गुणांना, आणि फेरपरीक्षा कधी असते, हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहायचं, सीनियरच्या सांगण्यावर जायचं नाही.

पण स्टॅटिस्टिक्सआधी आम्ही त्यांना नाहरकत पत्र काढायला लावलं. अर्धवेळ विद्यार्थ्याच्या पत्रात नोकरीच्या संस्थेने तीन गोष्टी लिहून द्यायच्या असतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. त्यांच्या पत्रात पहिलीच गोष्ट होती. बाकीचं "शनिवारी जमवून घेईन" या भरवशावर.

शनिवारचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. थिअरीच्या एका क्रेडिटचे साधारण १५ तास, म्हणजे १२ क्रेडिटचे १८०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला १२ तास नुसते वर्गात. वाचन आणि असाइनमेंट वेगळं. शनिवारी सहा तास बसूनही निम्मंच होतं. कोर्सवर्क रखडतं ते बहुधा इथे: हजेरी कमी पडते, अंतर्गत गुण जातात, आणि दोष मात्र स्टॅटिस्टिक्सच्या माथी. बाईंनी तिन्ही मुद्द्यांचं नवं पत्र घेतलं आणि संस्थेच्या वेळापत्रकाप्रमाणे आठवड्यातले दोन अर्धे दिवस मागून घेतले.

संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा पेपर सगळ्यांनाच असतो. त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

स्टॅटिस्टिक्सची भीती आकडेमोडीची असते. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. गुण जातात ते निवडीत आणि अर्थ लावण्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची फाइल उघडून थेट टक्केवारी काढली की उत्तर चुकतं, कारण नमुन्याचं वजन, म्हणजे प्रत्येक उत्तराला एकूण लोकसंख्येच्या मानाने द्यायचं महत्त्व, लावायचं राहिलेलं असतं. ते फाइलमध्ये दशांश चिन्हाशिवाय असतं, म्हणून आधी १० लाखांनी भागायचं. शिवाय हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतचं चित्र देतं. त्यातून पुण्यातल्या एका प्रभागाबद्दल बोलता येत नाही. एकच फाइल, एकच प्रश्न, रोज अर्धा तास, असा सराव दोन महिने केला तरी पुस्तक पालथं घालण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

सेमिनारचं दुखणं वेगळं. त्यांनी आणलेला विषय होता 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: एक अभ्यास', म्हणजे रुग्णालयातल्या मोफत उपचारांची राज्य सरकारची योजना. चाळीस स्लाइड्स, त्यातल्या पंचवीस योजनेच्या माहितीच्या. दवाखान्यातून आलेली माणसं धोरणाकडे औषधासारखं पाहतात: दिलं, लागू पडलं की नाही? धोरणाच्या अभ्यासात त्याआधीचे प्रश्न असतात. निर्णय कोणी घेतला, कोणत्या परिस्थितीत, अंमल कोणाच्या हातात, कोणाचं काय पणाला लागलं? आम्ही विषय इतका आवळला: पुणे जिल्ह्यातल्या अंगीकृत (योजनेत सामील) खासगी रुग्णालयात पात्र रुग्णाला नकार नेमका कोणत्या टप्प्यावर मिळतो, कागदपत्रं, पूर्वमान्यता (उपचाराआधी योजनेकडून घ्यायची मंजुरी) की 'बेड नाही'? आणि तो निर्णय कोण घेतं? वीस मिनिटांना बारा स्लाइड्स पुरल्या: प्रश्न एक, आधीचं संशोधन तीन, त्या संशोधनातली पोकळी एक, पद्धत चार, मर्यादा दोन, आणि शेवटी समोर बसलेल्या संशोधन सल्लागार समितीला विचारायचे प्रश्न एका स्लाइडवर. ही शेवटची स्लाइड बहुतेक जण ठेवतच नाहीत. मग चर्चा फॉन्टच्या आकारावर घसरते.

त्यांना एका गोष्टीपासून मात्र थांबवावं लागलं. सेमिनार भरीव व्हावा म्हणून त्या ओळखीच्या आरोग्यमित्रांच्या (रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्यांच्या) चार मुलाखती घेणार होत्या. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी नसताना घेतलेल्या मुलाखती प्रबंधात वापरता येत नाहीत, आणि मागाहून मंजुरी मिळत नाही. तोवर शासन निर्णय आणि प्रसिद्ध अहवाल यांवर सेमिनार उभा राहतो.

पुढेही दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. म्हणून आम्ही त्यांना एक वही ठेवायला सांगितली: समितीने काय विचारलं, आपण काय कबूल केलं, त्याचं काय झालं. पुढच्या सादरीकरणाची पहिली स्लाइड याच वहीतून काढायची.