रॉकेलवर टॅक्स माफ आहे का?

प्रश्न: गावात किराणा दुकान आहे, आता मोकळं पांढरं रॉकेल ठेवायचा विचार आहे. रेशनच्या रॉकेलला टॅक्स माफ असतो म्हणतात, मग मलाही माफी मिळेल का?

उत्तर: नाही हो, आणि पूर्ण माफी तर रेशनच्या रॉकेललाही नाहीये. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे पण रॉकेल १ जुलै २०१७ पासूनच आत आलंय, त्यात रेशनच्या निळ्या रॉकेलला ५ टक्के आणि तुमच्या पांढऱ्याला १८ टक्के. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून रेट कमी होत नाही, माल रेशनवर विकला जातोय का एवढंच बघतात.

तुमची सुटका वेगळ्या वाटेनं होऊ शकते. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशनच लागत नाही, पण उलाढाल म्हणजे अख्ख्या दुकानाची बरं का, साखर, तेल, साबण सगळं धरून, नुसत्या रॉकेलची नाही. आणि रजिस्ट्रेशन नसेल तर खरेदीवर भरलेले १८ टक्के परत मिळत नाहीत, ते किमतीत धरूनच भाव काढा. नंबर नसताना बिलात जीएसटी लावून गिऱ्हाइकाकडून पैसे मात्र अजिबात घेऊ नका, तो सरळ गुन्हा आहे.