मलेरियाच्या लशी आल्या, मग व्हायव्हॅक्सची लस अजून का नाही?

तुम्हाला दोनदा व्हायव्हॅक्स मलेरिया झाला आहे आणि नव्या लशीचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलं आहे. सरळ उत्तर, नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि 2023 मधली आर21 या दोन्ही लशी फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीविरुद्ध आहेत, त्याही लहान मुलांसाठी. त्या परजीवीच्या अंगावरच्या ज्या प्रथिनावर बेतल्या आहेत, ते व्हायव्हॅक्समध्ये बरंच वेगळं असतं.

मग व्हायव्हॅक्सचं प्रथिन घेऊन तशीच लस का करत नाहीत? केली होती. व्हीएमपी001 नावाची ती लस टोचून स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्गित डास चावू दिले. लागण सगळ्यांनाच झाली. निम्म्याहून थोड्या अधिक जणांत ती जरा उशिरा झाली, एवढंच.

माझ्या मते सगळ्या गुंत्याचं मूळ यकृतात आहे. डासाने सोडलेले परजीवी आधी तिथे जातात. फाल्सिपेरमचे तिथे वाढून साधारण आठवड्याभरात रक्तात उतरतात. व्हायव्हॅक्सचे काही मात्र यकृतातच झोपून राहतात, त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षाने ते जागे होतात आणि डास न चावताही पुन्हा ताप येतो. तुमचा दुसरा ताप कदाचित असाच असेल. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांच्या एका अभ्यासात दर पाच संसर्गांपैकी जवळपास चार अशा जुन्या परजीवींमुळे झालेले दिसले. म्हणजे यकृतावर रोख असलेल्या लशीच्या तावडीतून एखादा जरी सुटला, तरी तो पुढे कधीही उठू शकतो. शिवाय जे आधीपासून झोपले आहेत, त्यांना ती लस काहीच करत नाही.

चाचणी घेणाऱ्यांची तर पंचाईतच होते. लस घेतलेल्या माणसाला ताप आला, तर लस फसली की जुना परजीवी जागा झाला? जनुकीय तपासणीनेही दरवेळी खात्री देता येत नाही. मुद्दाम संसर्ग द्यायचा, तर स्वयंसेवकाच्या यकृतात हिप्नोझोइट राहू देता येत नाहीत, म्हणून शेवटी ते मारणारं प्रायमाक्विन हे औषध देतात. ते जी6पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना चालत नाही. त्यातही काहींच्या शरीरात सीवायपी2डी6 हे औषधाला कामाला लावणारं एन्झाइम मंद चालतं आणि प्रायमाक्विनचा असर होत नाही. वर सांगितलेल्या चाचणीतल्या काही स्वयंसेवकांना याच कारणाने उपचारानंतरही पुन्हा मलेरिया झाला. आता बऱ्याच ठिकाणी डासाऐवजी थेट संसर्गित रक्त टोचतात, कारण त्यात यकृताचा टप्पाच येत नाही. पण मग यकृतावर रोख असलेली लस त्या पद्धतीने तपासता येत नाही!

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. फाल्सिपेरम 1976 पासून काचेच्या भांड्यात सतत वाढवता येतो. व्हायव्हॅक्सला मात्र रेटिक्युलोसाइट, म्हणजे अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. त्या रक्तात 1-2 टक्केच असतात आणि एक-दोन दिवसांत पिकतात. त्यामुळे संशोधकांना रुग्णांच्या ताज्या रक्तावर अवलंबून राहावं लागतं. डासही त्याच रक्तावर पोसावे लागतात.

आशा आहे ती पेशीत शिरण्याच्या दारावर. व्हायव्हॅक्स मुख्यतः तांबड्या पेशीवरच्या डफी प्रथिनाला धरून आत शिरतो. ते प्रथिन नसलेल्या, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांना म्हणूनच हा आजार क्वचित होतो. परजीवीच्या ज्या भागाने ही पकड घेतली जाते, त्यावर केलेल्या लशीने ऑक्सफर्डच्या चाचणीत रक्तातली वाढ सुमारे निम्म्याने मंदावली. निकाल 2023 मध्ये आले. गंमत म्हणजे सर्वांत चांगला परिणाम मिळाला तो शेवटचा डोस बराच लांबलेल्या गटात, आणि तो लांबला होता कोविडमुळे चाचणी थांबल्याने. अर्थात वाढ मंदावणं म्हणजे आजार टळणं नव्हे. शिवाय हा भाग परजीवीच्या वाणागणिक बदलतो.

पैशाचं कारणही आहेच. फाल्सिपेरम जास्त जीव घेतो, म्हणून निधी तिकडे जातो. व्हायव्हॅक्सला वर्षानुवर्षं ‘सौम्य’ म्हटलं गेलं. वारंवार उलटणाऱ्या तापाने रक्तक्षय झालेल्या मुलाला ते सौम्य वाटत नसावं.

लस येईपर्यंत तुमच्या हातातलं एक काम आहे. दोन्ही वेळा यकृतातले परजीवी मारणारं प्रायमाक्विन किंवा टाफेनोक्विन मिळालं होतं का, ते डॉक्टरांना विचारा. मिळालं नसेल, तर आधी जी6पीडी तपासून घ्या. पूर्ण कोर्स घेऊनही ताप उलटला असेल, तर सीवायपी2डी6 चा विषय तुम्हीच काढा. तो सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.