पावसाच्या आठवणी गोळा करू पाहणाऱ्यास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

थंड देशांतले लोक विक्रमी बर्फाच्या हिवाळ्यांच्या आठवणी गावोगावी टिपून ठेवतात, तसे आपल्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत पावसाबाबत करता येईल का, असे तू विचारले आहेस. अवश्य करता येईल. मात्र आरंभीच एक गोष्ट ध्यानात घे: नोंदवहीतला विक्रमी मोसम आणि लोकांच्या मनात राहिलेला मोसम हे पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि तुला काम करायचे आहे ते या दोहोंमधल्या जागेत.

तू बर्फाचा विषय काढला आहेस, म्हणून आधी तिथलीच उदाहरणे घेऊ. अमेरिकेतील बॉस्टन शहरात २०१४-१५च्या हिवाळ्यात १०८.६ इंच बर्फ पडला आणि १९९५-९६चा १०७.६ इंचांचा विक्रम मोडला. हा एका इंचाचा फरक कोणाच्याही अंगणात जाणवला नसणार. लोकांना तो हिवाळा आठवतो तो वेगळ्याच कारणाने: त्यातला बहुतेक बर्फ जानेवारीच्या अखेरीपासून मोजक्या आठवड्यांत कोसळला, शहरातील रेल्वेसेवा बंद ठेवावी लागली, आणि रस्त्यांवरून उचलून एका जागी टाकलेला बर्फाचा ढिगारा जुलै उजाडला तरी पुरता वितळला नव्हता. इंग्लंडमध्ये १९४७ आणि १९६२-६३ या दोन हिवाळ्यांची अशीच सरमिसळ होते. १९४७ साली २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता, आणि मार्चमध्ये तो वितळू लागल्यावर मोठे पूर आले. १९६३चा जानेवारी हाडे गोठवणारा होता. मध्य इंग्लंडचे त्या महिन्याचे सरासरी तापमान उणे २.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. आठवण सांगणारा वृद्ध मनुष्य मात्र एका हिवाळ्याचा पूर दुसऱ्या हिवाळ्याच्या गारठ्याला जोडून मोकळा होतो. त्याला खोटे ठरवण्याची घाई नको. त्याने काय जोडले आणि का जोडले असावे, हीही तुझ्या कामाची माहिती आहे.

आता आपल्याकडे ये. गोव्यात पाऊस अजून इंचांतच बोलला जातो. वर्तमानपत्रेही शंभर इंच भरले की ‘इंचांचे शतक’ असा मथळा देतात, आणि ते आधी कोणी गाठले यावरून वाळपई आणि इतर पर्जन्यमापन केंद्रांची जणू शर्यत लावतात. मला या शतकांचे फारसे कौतुक वाटत नाही. हवामान खात्याचा पावसाळी हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात तळपण आणि गालजीबाग या नद्यांना भीषण पूर आला तो २ ऑक्टोबर २००९ रोजी, म्हणजे हंगामाचा हिशेब बंद झाल्यावर! त्या वर्षीच्या मोसमी बेरजेत काणकोणकरांच्या सर्वांत मोठ्या आठवणीला जागाच नाही. म्हणून नुसती बेरीज पाहून गावे निवडू नकोस.

माणसांना विचारताना ‘सर्वांत जास्त पाऊस कोणत्या साली पडला?’ हा प्रश्न टाळ. त्याचे उत्तर ‘आमच्या लहानपणी’ असेच येते. त्याऐवजी पाणी कुठवर आले ते विचार: अंगणातल्या तुळशीपर्यंत, सोप्याच्या पायरीपर्यंत की चुलीपर्यंत? कोणती भिंत खचली, गुरे कुठे हलवली, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, किती पोफळी आडव्या झाल्या, होडी किंवा बस किती दिवस बंद होती? शक्य असेल तिथे त्यांना घेऊन त्या जागी उभा राहा आणि टेपने उंची मोज. सालाचा पत्ता सणांवरून लागतो. सांजावाच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) आधी की नंतर, माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळण्याचा उत्सव) झाला होता का, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधली होती का, असे विचारले की आठवण आपोआप जागेवर येते. चिखलकालो आषाढ शुद्ध द्वादशीला आणि सांजाव २४ जूनला असतो. त्यामुळे एकीकडे तिथी आणि दुसरीकडे तारीख मिळाली, तर जुन्या पंचांगावरून वर्षांची संख्या बरीच कमी करता येते. त्याहून मोठी खूण म्हणजे १९ डिसेंबर १९६१: गोष्ट गोवामुक्तीच्या आधीची की नंतरची, याबाबत वयस्कर मंडळी सहसा गोंधळत नाहीत.

नोंदी ताडताना एक तांत्रिक बाब सांभाळ. हवामान खाते सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांचा पाऊस मोजते आणि तो त्या दिवसाच्या नावे लिहिते. आदल्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली सापडेल. आजी म्हणते गुरुवार आणि कागद म्हणतो शुक्रवार, तर दोघेही बरोबर असू शकतात. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे आठ इंच पाऊस झाला, तर खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. हा आकडा जवळ ठेव.

यात सर्वांत अवघड भाग असा की, बर्फ जिथे पडतो तिथेच साठतो, पुराचे पाणी मात्र दुसरीकडून येते. म्हादई, जिला पुढे मांडवी म्हणतात, कर्नाटकात उगम पावते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला की इथल्या पर्जन्यमापकात मोठा आकडा नसतानाही सत्तरीतल्या काठावरच्या शेतात पाणी शिरते. साखळीच्या वाळवंटी नदीबाबत लोक अंजुणे धरणाच्या दरवाजांची आठवण काढतात, आणि मांडवीत खूप आतपर्यंत येणारी समुद्राची भरती उतरणाऱ्या पुराला थोपवून धरते. २३ जुलै २०२१च्या पुरात सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतली अनेक मातीची घरे कोसळली. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. तेव्हा प्रत्येक आठवणीच्या बाजूला चार रकाने आख: त्या गावचा पाऊस, घाटावरचा पाऊस, धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ. रकाना रिकामा राहिला तर राहू दे, अंदाजाने भरू नकोस.

बोलणे सांगणाऱ्याच्या कोकणीतच उतरवून घे आणि मराठी मजकूर नंतर कर. नाव छापायचे की नाही ते घरच्या माणसांसमोर विचार. पुराच्या नुकसानभरपाईवरून भाऊबंदांत वाद झालेले असतात आणि तुझ्या वहीतले एखादे वाक्य तिथे पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

सुरुवात २०२१च्या पुरातून वाचलेल्या मातीच्या घरांपासून कर. ती पाडून सिमेंटची बांधली जात आहेत, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांच्याबरोबरच जाते. चवथीला सगळे गावी असतात, तेव्हा दोन-तीन पिढ्या एकत्र बसवता येतील. पहिली वही भरली की घेऊन ये, आपण तिथ्या पंचांगाशी लावून पाहू.

तुझा,
एक जुना शिक्षक