सकाळी फोनवर सापडलेले रात्री संगणकावर का सापडत नाही?

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगाबद्दलची एक उपयुक्त माहिती सकाळी बागेतच फोनवर वाचली. रात्री मुलाच्या संगणकावर तीच शोधायला बसलो, तर दीड तास घालवूनही ती हाती लागली नाही. दोन्हीकडे गूगलच असताना असे का व्हावे? मुलाच्या संगणकावर माझे खाते उघडून ठेवले तर चालेल का?
— एक बागायतदार

उत्तर : एकदा पाहिलेले पुन्हा गाठणे हा शोधाचा फार मोठा भाग असतो. याहू या शोधयंत्रावर लोकांनी केलेल्या शोधांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते, की सुमारे ४० टक्के शोध हे आधी पाहिलेल्या पानाकडे परत जाण्यासाठीच केलेले असतात. उपकरण बदलले की हे परतणे आणखी अवघड होते, आणि त्याचे मुख्य कारण आपण वापरलेल्या शब्दांत असते.

सकाळी बागेत, एका हातात डाग पडलेले पान धरून, आपण बहुधा फोनशी बोलला असाल : ‘डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग पडलेत, काय करू?’ मराठीत बोलून शोधण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला ती खरोखर उपयोगी पडते. रात्री मात्र संगणकाच्या कळफलकावर आपण इंग्रजी अक्षरांत ‘तेल्या रोग’ असे टंकले असेल. आपल्या लेखी प्रश्न एकच होता, पण शोधयंत्रापुढे दोन वेगळे प्रश्न गेले. त्यातच ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ या शास्त्रीय वापरातल्या नावाने शोधले असते, तर तिसरीच पाने समोर आली असती. शिवाय आपण कुठे आहोत, कोणते खाते उघडे आहे आणि त्या खात्यावरून पूर्वी काय शोधले गेले, यानेही निकाल बदलतात.

दिवसभरात प्रश्नही बदलतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. माहितीशास्त्राच्या अभ्यासक मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्येच मांडले होते, की माणूस माहिती एका ठिकाणी एका दमात मिळवत नाही. रानात जाळीजाळीतून फळे वेचावीत तशी ती थोडी थोडी गोळा करतो आणि प्रत्येक वेचणीबरोबर त्याचा प्रश्न सरकत जातो. करवंदे वेचलेल्या कोणालाही हे लगेच पटेल. सकाळी आपल्याला डाग कशाचे आहेत हे हवे होते. रात्रीपर्यंत ते कळले होते आणि आता छाटणी कधी करावी, फवारणी कोणती करावी, हे हवे होते.

म्हणून पान सापडताक्षणी त्याचा दुवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा आणि त्याखाली आपण वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. केवळ स्क्रीनशॉट काढू नये, कारण त्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख बहुधा येत नाही. औषधाच्या सल्ल्यात तर तो कोणी आणि कधी दिला हे कळलेच पाहिजे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला आणि अनामिक व्हिडिओतला सल्ला स्क्रीनशॉटमध्ये सारखेच दिसतात. दुवा राहून गेलाच असेल, तर फोनमधल्या ब्राउझरचा ‘इतिहास’ उघडावा. गूगलच्या क्रोम या ब्राउझरमध्ये तो साधारण ९० दिवसांचा असतो, त्यामुळे आपले सकाळचे पान अजून तिथे असेल. मात्र ते खासगी खिडकीत (‘इनकॉग्निटो’मध्ये) उघडले असेल, तर त्याची नोंद तिथे राहत नाही.

आता खात्याविषयी. एकाच खात्याने दोन्हीकडे सिंक, म्हणजे दोन्ही उपकरणांवरच्या नोंदी जुळत्या ठेवण्याची सोय, चालू केले, तर फोनवर पाहिलेली पाने संगणकाच्या इतिहासातही दिसतात आणि आपली अडचण बरीच कमी होते. पण मुलाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या त्याच्या स्वतंत्र कप्प्यात, आपले खाते उघडू नका. त्याच ब्राउझरमध्ये स्वतःची वेगळी प्रोफाइल तयार करा. तसे न केल्यास त्याचे आणि आपले शोध एकमेकांत मिसळतील, आणि आपण आजारपणाबद्दल किंवा कर्जाबद्दल काही शोधले असेल तर तेही घरातल्या प्रत्येकाला दिसेल. कृषी सेवा केंद्रातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर मात्र खाते उघडूच नका. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा दुवा फोनवरच उघडून दाखवा.